खुर्चीवरची हजेरी

आमच्या कारखान्यात अपघात होत नाहीत. बोटं चेचतात, पाठी धरतात, डोळ्यांत ठिणग्या जातात. पण दुसऱ्या दिवशी माणूस कामावर हजर असला, की त्याला अपघात म्हणायचं नाही. म्हणून जखमी माणसाला गाडी पाठवून घरून उचलून आणतात आणि कारखान्याच्याच दवाखान्यातल्या खुर्चीवर आठ तास बसवून ठेवतात. मी इथली नर्स. त्याची हजेरी लावायचं पुण्यकर्म माझ्याकडे.

सोमवारी प्रेस मशीनवरच्या कारागिराचा उजवा हात चेचला. डॉक्टरांनी टाके घातले. मंगळवारी त्याला आणून बसवलं, मी निमूट सही केली. बुधवारी तो आला तो तापाने फणफणलेला. हात कोपरापर्यंत सुजला होता, आणि पट्टी सोडली तर खोलीभर घाण वास सुटला.

"डॉक्टर, याला आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात हलवा," मी म्हणाले.

डॉक्टरांनी दारात उभ्या असलेल्या मॅनेजरकडे पाहिलं. पेशंट खुर्चीवर, आणि हे बघतात कुणाकडे! माझं डोकंच फिरलं.

"आज सरकारी तपासणीवाले येतायत," मॅनेजर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत कळ काढू दे. गोळी द्या, पंखा लावा."

"सिस्टर, समजून घ्या जरा," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "माझीही नोकरी आहे."

"नोकरी तुमची, तपासणी त्यांची, आणि हात मात्र याचा!"

कारागीर कुडकुडत हसला. "सिस्टर, कशाला वाईटपणा घेताय? बसतो की. मशीनवर कधी बसायला मिळतं?"

त्या हसण्याचीच मला जास्त चीड आली. मी त्याला बखोटीला धरून उठवलं आणि बाहेर आणलं. तपासणीवाल्यांना आणायला निघालेली गाडी दारात उभी होती. त्याला मागच्या सीटवर घातलं.

"अहो, साहेबांनी ही..." ड्रायव्हर म्हणाला.

"साहेबांना सांग, सिस्टरने पळवली. चल!"

हॉस्पिटलातल्या सर्जन बाईंनी हात पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. मी वाटेतून फोन केला होता, तोवर त्याची बायको धापा टाकत येऊन पोचली होती.

"दोन बोटं जाणार. पंजा वाचतो का, बघू," सर्जन म्हणाल्या. मग माझ्या गणवेशाकडे पाहून भडकल्या. "तुम्ही नर्स ना? काल का नाही आणलंत? काल बोटं वाचली असती!"

बायको माझ्याकडे बघत होती. मॅनेजरचं नाव सांगता आलं असतं, डॉक्टरांचंही.

"काल हे कामावर हजर होते," मी म्हणाले. "तशी सही मी केलीय."