माफ झालेला कर

इंटरनेटवरचा कर राज्याने तीन वर्षांपूर्वीच माफ केला होता; टेलिफोन कंपनी मात्र तो दरमहा इमानेइतबारे भरत होती. ही चूक कंपनीच्याच कर विभागातल्या ताईंनी शोधून काढली. साहेबांनी त्यांची पाठ थोपटली आणि भरलेले पैसे परत मिळवण्यासाठी राज्याच्या कर कार्यालयात ताईंचे हेलपाटे सुरू झाले.

आधी अर्जाचा नमुना जुना निघाला. मग सगळी बिलं छापून मागितली. लिफ्ट बंद, म्हणून ताईंनी ड्रायव्हरबरोबर अकरा खोकी जिन्याने वर चढवली. कारकुनाने वरचं खोकं उघडलं.

"प्रत्येक पानावर कंपनीचा शिक्का लागेल."

"चाळीस हजार पानं आहेत हो!"

"मग लवकर लागा कामाला."

शिक्के मारून मनगट सुजलं. नवरा म्हणाला, "तिथेच एखादी खोली घेऊ या का भाड्याने?" ताईंना हसूही आलं नाही.

नवव्या महिन्यात अर्ज एकदाचा अधिकारीबाईंपुढे गेला. त्यांनी तो खरंच वाचला.

"हा कर कंपनीने पदरचा भरला?"

"नाही, ग्राहकांच्या बिलात लावला होता."

"मग पैसे ग्राहकांचे. त्यांना परत देण्याची लेखी हमी आणा. मुदत शुक्रवारपर्यंत आहे."

"हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"अर्ज माझ्याकडे आजच आला."

कंपनीत परतून ताईंनी हे सांगितलं, तसा साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे आपल्या हाती काय?"

"काही नाही."

"मग कशाला डोक्याला ताप? बंद करा फाइल."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "करते. फक्त तसं लेखी द्या."

लेखी द्यायला साहेबांचा हात धजेना. दोन दिवस त्यांनी ताईंना टाळलं. शुक्रवारी दुपारी, तोंडातल्या तोंडात पुटपुटत, त्यांनी हमीपत्रावर सही केली.

ताई धावतपळत पोचल्या, तर कारकून खिडकी लावत होता. "सोमवारी या."

त्यांनी हमीपत्र फटीतून आत सरकवलं आणि हात तिथेच ठेवला. "पोच मिळाल्याशिवाय हलणार नाही."

पोच मिळाली.

चार महिन्यांनी परत मिळालेला कर वजा होऊन ग्राहकांची बिलं कमी झाली. तक्रारींचे फोन सुरू झाले आणि साहेबांनी ते सगळे ताईंकडे वळवले.

"नाही हो काका, बिल चुकलेलं नाही," त्या सकाळपासून चाळिसाव्यांदा सांगत होत्या. "कमीच आलंय."

"तेच म्हणतोय मी! यात काय गोम आहे?"