बाकावरचा खेळ

“मी डावीकडे गेले तर?” माझ्या कमरेचा दोर आवळत आगाथाने विचारलं.

“उजवीकडे उडी मारायची.”

“आणि विचार?”

“विचार घरी जाऊन.”

“शाब्बास, बाबा.”

गेल्या वर्षी गिर्यारोहणाच्या गाइडची परीक्षा पास झाल्यापासून माझी लेक मला शाब्बास म्हणायला लागली आहे. खरं तर हा धडा मीच तिला शिकवलेला. बर्फाच्या डोंगरांमधल्या आमच्या सास खोऱ्यात पोरं हे घरातच शिकतात. कपडे वाळत घालायची दोरी कमरेला बांधून आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या बाकावर उभे राहायचो. मी ‘पडलो’ म्हणून एका बाजूला उतरलो, की ती खिदळत दुसऱ्या बाजूला उडी टाकायची. डोंगराच्या अरुंद धारेवर असं केलं की दोर मधे अडकतो आणि दोघंही वाचतात. दूध सांडेल म्हणून तिची आई करवादायची.

आज आम्ही निघालो होतो त्या दोन शिखरांना गावात थोरली आणि धाकटी म्हणतात. धाकटी सकाळीच चढून झाली. थोरली समोर होती आणि मधे बर्फाची धार, पाऊल मावेल एवढीच रुंद. डावीकडे इटली, उजवीकडे आमचं खोरं. साठी झाली म्हणून दोघी एका दिवसात करायच्या, हा हट्ट माझाच. रोपवेच्या खांबांवर चढून चाकांना वंगण घालण्यात माझा जन्म गेला, उंचीला कधी भ्यालो नाही. त्या धारेवर मात्र भ्यालो. आगाथा पडली आणि माझे पाय हललेच नाहीत तर?

“बाबा, तुमच्या श्वासाचा घोरल्यासारखा आवाज येतोय.”

“झोपेत चाललोय.”

ती हसली आणि पुढचं पाऊल टाकलं. धारेच्या कडेला वाऱ्याने बर्फाचा छज्जा धरला होता, तो तिच्यासकट डावीकडे गेला. ती ओरडलीसुद्धा नाही. माझ्या हातातली दोराची वेटोळी भराभर सुटत गेली आणि मी नुसता बघत राहिलो. पाय खरोखरच हलेनात. मग कुणीतरी उजवीकडे उडी मारली, आणि तो मीच होतो.

दोराचा जोरात हिसका बसला आणि मी उतारावर लटकून राहिलो.

“बाबा?” धारेपलीकडून आवाज आला.

“आहे.”

“मारलीत उडी?”

“नाही, सहज फिरायला उतरलोय.”

पलीकडे ती रडत होती की हसत, कळेना.

एकमेकांना हाका देत, एकेक पाऊल रोवत दोघं वर आलो आणि घोड्यावर बसावं तसे धारेवर समोरासमोर बसलो. तिच्या हनुवटीतून रक्त येत होतं. थोरलीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

परतीची वाट म्हणजे तीच धार. आता कोणी पडणार असेल तर तो मीच, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी कमरेची गाठ सोडायला लागलो.

“हे काय चाललंय?”

“गेलो तर एकटा जाईन. तू कशाला...”

तिने माझ्या हातावर चापट मारली. गाठ पुन्हा बांधली आणि ओढून पाहिली, लहानपणी मी तिची पाहायचो तशी.

“पुढे तुम्ही चला. पडलात तर नुसतं ‘पडलो’ म्हणा. बाकीचं मला येतं.”

मला तीच तर भीती होती.

मी पुढे चालत राहिलो. मागे तिच्या बुटांचे खिळे बर्फात रुतल्याचा आवाज येत होता. दोनदा माझा तोल जाता जाता राहिला. दोन्ही वेळा मी ओठ दातांखाली घट्ट धरले. चुकून तो शब्द तोंडातून निघाला असता, तर माझ्या पोरीने विचार न करता उडी मारली असती.