पाहुण्याच्या बुडाशी आलेलं फूल

मित्रांनो, सेलूला अर्पिता मॅडमच्या बैठकीत तुम्हांला एक रिकामी काचेची टाकी दिसेल. कडांवर मिठाचे पांढरे डाग, आत थेंबभर पाणी नाही. ती मी. येणारे-जाणारे म्हणतात, "ही जुनी टाकी भंगारात का देत नाही?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. अहो, माझ्या पोटात समुद्र होता!

परभणीतल्या एका काचवाल्यानं मला घडवलं. त्या भल्या माणसाला वाटलं, मिठाई ठेवायची पेटीच असणार. अर्पितानं मात्र गाळलेल्या पाण्यात खास मीठ विरघळवलं आणि चहूकडं कापूस पिकणाऱ्या या गावात माझ्यात समुद्र भरला. दोन नारंगी मासे आले, आणि नखाएवढा हिरव्या प्रवाळाचा तुकडा. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे बरं का, जिवंत प्राणी असतो तो. अर्पिता शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरी आली की पर्स खांद्यावर तशीच ठेवून आधी त्याला बघायची. बघता बघता त्याचा तळहाताएवढा झुबका झाला. शाळेतली पोरं येऊन काचेला नाक लावायची आणि मी फुगून बसायचे.

अर्पिताचा एक नेम होता. नवा प्रवाळ आला की तो आधी वेगळ्या टबात. त्याला औषधाच्या पाण्यात बुडवायचं, बूड खरवडायचं, भिंगातून एकेक फट तपासायची आणि पुष्कळ दिवस नजरेखाली ठेवूनच माझ्यात सोडायचं. कारण अशा बुडाला चिकटून फुकटे प्रवासी येतात. किडे, अळ्या, त्यांची अंडी, साध्या डोळ्यांना दिसतील न दिसतील अशी.

आणि मग तो मेला दसरा आला!

नेमका त्याच दिवशी पुण्याहून पाणी भरलेल्या पिशवीतून जांभळा प्रवाळ आला. अर्पिताची सासू दगडाबाई, मनानं लाखमोलाची, पण घाई तिच्या पाचवीला पुजलेली. तिनं उंबऱ्यातच त्या पिशवीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. घरात सोनं द्यायला आलेली माणसं, हातात आपट्याची पानं, सगळ्यांचे डोळे माझ्याकडं.

"आत्याबाई, याला आधी टबात ठेवावं लागतं," अर्पिता म्हणाली.

"अगं माय, दसऱ्याचा पाव्हणा हाय! त्याला दाराबाहीर बसवतेत का? मुहूर्त टळायलाय. सोड की!"

चारचौघांत सासूचा शब्द कसा मोडायचा? अर्पितानं सोडला. मी आतून ओरडत होते, नको गं बाई, नको! पण काचेचं कोण ऐकतं?

पुढच्याच आठवड्यात अर्पिता महिनाभराच्या प्रशिक्षणाला परभणीला गेली. इकडं जांभळ्या पाहुण्याच्या बुडाशी एक फूल उगवलं. देठ काचेसारखा आरपार, तोंडाभोवती लांब टोकदार तपकिरी मिशा. काचेवर बोट टेकलं की क्षणात फटीत गडप. मित्रांनो, ही खूण ध्यानात ठेवा. ते फूल नव्हतं, मिशांनी डंख मारणारा प्राणी होता तो. दगडाबाई मात्र हरखली, शेजारणींना बोलावून दाखवायला लागली. "पाव्हण्यानं लेकरू आणलंय गं! कसं हलायलंय बघा!"

एकाची कितीतरी झाली. माझा हिरवा झुबका अंग चोरायला लागला, त्याची कातडी सुटायला लागली. तेव्हा कुठं दगडाबाईला उमगलं की हे तण आहे. उभा जन्म कापसात निंदण्यात गेलेली बाई ती. पदर खोचला, अर्पिताचा लांब चिमटा घेतला आणि सगळं उपटून काढलं. देठ तुटले, तुकडे पाण्यात विखुरले. "निंदून टाकलं समदं," म्हणत तिनं समाधानानं हात धुतले.

अरे देवा! त्या प्राण्याच्या तुटक्या चिंध्याही जगतात. प्रत्येक तुकड्यातून नवं डोकं वर आलं. खडकावर तेच, वाळूत तेच, माझ्या काचेवरही तेच. वाटायचं, फुटून जावं, पण टाकीच्या तेवढंही हातात नसतं.

अर्पिता परतली आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून माझ्याकडं धावली. मग तिनं चुन्याची खळ इंजेक्शनच्या नळीत भरून एकेकाच्या तोंडात सोडली. दोन मरायची, चार उगवायची. हिरवा झुबका एका बाजूनं पांढरा पडत गेला. शेवटी तिनं रडत रडत त्याचा उरलेला जिवंत शेंडा कापला, औषधात धुतला आणि टबात ठेवला. मासे शाळेतल्या एका बाईंकडं गेले. माझा समुद्र बादल्या-बादल्यांनी उपसून अंगणात ओतला, कारण पूर्ण वाळल्याशिवाय ती पीडा मरणार नव्हती.

दगडाबाई डोळ्यांना पदर लावून बसली होती. "बाळंतिणीच्या खोलीत बाहीरच्याला पाय धुतल्याबिगर जाऊ देत न्हाई आमी. अन् इथं मीच घुसवलं गं."

"सोडणारा हात तर माझाच होता ना, आत्याबाई," अर्पिता म्हणाली. मग दोघीही रडल्या.

मी कोरडी आहे. टबातला शेंडा कधी अंग फुलवतो, कधी मिटून बसतो. जगेल की नाही, कुणास ठाऊक. मित्रांनो, हात जोडून सांगते, पाहुणा कितीही देखणा असो, तपासल्याशिवाय पाण्यात सोडू नका. चारचौघांत वाईट दिसलं तरी चालेल.

परवा अर्पिता म्हणाली, "आत्याबाई, फार दिवस झाले. टाकी भरून शेंडा तिच्यात सोडूया का आता?"

दगडाबाई टबावर वाकलेली होती, डोळ्याला भिंग लावून.

"न्हाई," ती म्हणाली. "आणखी बघू दे."

बघ, माय. सावकाश बघ. मी थांबते.