चौथ्या ओळीतलं शून्य

"काका, इथं शून्य नाहीये," शर्वरी म्हणाली.

तिनं पिवळा पडलेला कागद काउंटरच्या काचेवर ठेवून त्यावर मोबाइलचा उजेड पाडला. शिवराजनं कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. नारायणगुड्यातल्या त्याच्या टायपिंगच्या दुकानात भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते. समोरच्या कोचिंग क्लासनं तीन मजली बोर्ड लावल्यापासून ऊन आत यायचं बंद झालंय.

"कुठं?"

"चौथी ओळ, दुसरा रकाना. हणमंतराव सरांनी केवढी लांब टर्म लिहिली आहे बघा. आणि छापलेल्यात शून्य! दीड वर्ष परेशान आहे मी, काका, फक्त याच्यामुळं."

ती हसत होती. दीड वर्ष डोकं खाणारी गोष्ट सापडली की माणूस हसणारच. शिवराजनं मात्र कागद जवळ ओढला. छापलेलं पान त्यानं टाइप केलं होतं.

शिवराज काही गणितातला माणूस नव्हे. बारावीला तो गणितातच गचकला होता. पण पुढं बत्तीस वर्षं त्यानं या शहरातल्या गणितवाल्यांचे प्रबंध टाइप केले. साधा मजकूर कुणीही टाइप करी. समीकरणं आली की सगळे त्याच्याकडं येत. त्यातही हणमंतराव सर आणि त्यांचे विद्यार्थी म्हणजे त्याचं हक्काचं गिऱ्हाईक. त्यांचा विषय एकच: घन पदार्थांतून स्थितिस्थापक लहरी कशा जातात. कधी पट्टीतून, कधी पोकळ नळीतून, कधी हाडासारख्या सच्छिद्र वस्तूतून. असे अकरा प्रबंध त्यानं केले. एका ओळीचाही अर्थ त्याला कधी कळला नाही, पण समीकरणांचं रूप ओळखीचं झालं होतं. त्याला आकडे मोजावे लागत नसत, स्वयंपाकात मुरलेली बाई मीठ टाकते तसा त्याचा हात आपोआप चाले.

सरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. ते या जगात दोघांनाच वाचता येई, सरांना आणि शिवराजला. हे तो अभिमानानं सांगायचाही. त्यामुळं सरांच्या हस्तलिखिताचं बाड काम झाल्यावर त्याच्याकडंच राही, आणि विद्यार्थी पुढचं सगळं गणित त्याच्या छापील पानावरून करत.

असंच एक बाड अठरा वर्षांपूर्वीचं. विद्यार्थी होता प्रमोद, आणि पाचवं प्रकरण सरांनी स्वतः मांडलं होतं. आठ ओळी, आठ रकाने अशी एक चौकट. ती सोडवली की लहरीचा वेग मिळतो. बरोबर आलंय का हे बघायची एक जुनी रीत आहे: छिद्रं नाहीतच असं धरायचं, मग उत्तर भरीव पदार्थाच्या आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी जुळलं पाहिजे. प्रमोदचं जुळलं नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकानं नेमकं त्यावरच बोट ठेवलं. ते प्रकरण गाळून प्रमोदला पदवी मिळाली. सरांनी त्यानंतर एकही शोधनिबंध लिहिला नाही. सात वर्षांनी ते गेले.

आता प्रमोद स्वतः सर झाला होता आणि शर्वरी त्याची विद्यार्थिनी होती. ते गाळलेलं प्रकरण तिनं पुन्हा हातात घेतलं होतं. "मूळ कागद असला तर शिवराजकडं असेल," असं प्रमोदनं सांगितलं म्हणून ती आली होती. नाहीतर आजकालची पोरं आपली समीकरणं आपल्याच लॅपटॉपवर टाइप करतात. शिवराजकडं आता भाड्याचे करारनामे येतात.

"प्रमोद सरांना फोन केला मी," शर्वरी कागदाचे फोटो काढत म्हणाली. "म्हणाले, टायपिंगमध्ये राहिलं असेल, छोड दो, इतक्या वर्षांनी कोण विचारतंय. मी माझ्या प्रबंधात तळटीप टाकते. मुद्रणदोष म्हणून."

"तळटीपेत नाव?"

"कुणाचं?"

"नाही, काही नाही," शिवराज म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं शटर अर्धं ओढलं. कसं झालं हे आठवायला फार वेळ लागला नाही. चौकट पाठ होती. आधीच्या प्रबंधाची फाइल उघडायची, तिच्यावरच अक्षरं बदलत जायचं, ही त्याची पद्धत. त्याआधीच्या तीन प्रबंधांत त्या जागी शून्य होतं. या वेळी नव्हतं. त्यानं कागदाकडं बघितलंच नव्हतं. गणितात गचकलेल्या माणसाला गणित पाठ झाल्याचा माज आला होता, दुसरं काय! मुद्रणदोष हा शब्द बरा होता. त्याच्याआड तो खुशाल लपू शकला असता. त्याची त्याला भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जामबागला गेला. सरांच्या पत्नी त्रिवेणीबाई तिथं एकट्या राहतात. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली, पण आवाज अजून वर्गात असल्यासारखा.

"या शिवराज. असं अचानक?"

"बाई, सरांचं गणित बरोबर होतं."

"कोणतं गणित?"

"पाचवं प्रकरण. ज्याच्यापायी त्यांनी सगळं सोडलं ते."

उभ्या असलेल्या त्रिवेणीबाई खुर्चीत बसल्या.

"चूक माझी होती," शिवराज म्हणाला. घरून ठरवून आणलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली होती. "जुनी फाइल घेऊन करायलो होतो. त्या जागी शून्यच असतंय, मला पाठ होतं. सरांनी तिथं टर्म लिहिली होती, मी कागद बघितलाच नाही. प्रमोदनं माझ्या पानावरून हिशेब केला. म्हणून जुळलं नाही. काल त्याच्या विद्यार्थिनीनं पकडलं."

आत कुकरची शिट्टी झाली. बाई उठल्या, गॅस बंद करून आल्या, पुन्हा बसल्या.

"म्हणजे हे बरोबर होते?"

"हौ, बाई."

"सगळं बरोबर?"

"सगळं."

बाईंनी पदराला हात पुसले. मग बोलल्या ते त्याच्याकडं न बघता.

"चार वर्षं तेच गणित पुन्हा पुन्हा केलं त्यांनी. वह्याच्या वह्या. दरवेळी तेच यायचं. प्रमोद एकदा इथं बसून म्हणाला, सर, टायपिंग एकदा ताळून बघू का? तर हे म्हणाले, नको. शिवराजनं केलंय, तिथं चूक सापडायची नाही. चूक माझीच."

बत्तीस वर्षांत शिवराजची एवढी तारीफ कुणी केली नव्हती. बाईंनी थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. 

"शेवटी शेवटी म्हणायचे, त्रिवेणी, माझं डोकं गेलंय. दरवेळी बरोबर येतंय, म्हणजे चूक ओळखायची अक्कलच राहिली नाही. आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे?" बाईंचा आवाज पहिल्यांदा हलला. "मी म्हणाले, हो, गेलंय. बंद करा ते. वैताग आला होता हो मला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वह्या रद्दीवाल्याला दिल्या. माझ्यासमोर."

"बाई, मला माफ..."

"थांबा."

त्यांनी कपाटातून एक फाइल काढली आणि तिच्यातला एक कागद त्याच्यासमोर धरला. सरांनी विद्यापीठातल्या विभागाला इंग्रजीत दिलेल्या पत्राची प्रत होती. पाचव्या प्रकरणातला दोष सर्वस्वी माझा आहे, विद्यार्थ्याच्या पदवीच्या आड तो येऊ नये, एवढाच मजकूर. खाली मुंग्यांच्या रांगेसारखी सही. ती शिवराजला लगेच वाचता आली.

"त्यांनी लिहून दिलं होतं," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही लिहून द्या."

"देतो ना. दुकानात जाऊन टाइप करून..."

"टाइप नको. हातानं लिहा. इथं बसून."

त्यांनी कोरा कागद, पेन आणि टेकायला पाटी दिली. शिवराज लिहू लागला. सहीपलीकडं हातानं काही लिहायची त्याला सवयच राहिली नव्हती. अक्षर वाकडं येत होतं, पेन मध्येच थांबत होतं, तरी तो लिहीत गेला: पाचव्या प्रकरणात चौथ्या ओळीच्या दुसऱ्या रकान्यात सरांनी टर्म लिहिली होती. मी ती न बघता शून्य टाइप केलं. सरांची काहीही चूक नव्हती. त्यांच्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं. शेवटचं वाक्य लिहायचं ठरवलं नव्हतं, ते आपोआप आलं. ते लिहिताना त्याला दोनदा चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

बाईंनी कागद घेतला आणि तपासायला घेतलेल्या पेपरासारखा ओळीवर बोट ठेवून वाचला.

"तारीख राहिली."

त्यानं तारीख घातली.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेवटच्या वाक्याशी बोट थांबलं ते बराच वेळ तिथंच राहिलं. रस्त्यावर शाळेची बस येऊन थांबली, मुलांचा गलका झाला, बस निघून गेली.

"नीट लिहिलंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ बघितलं. "आता हे वाचून दाखवू कुणाला?"

 शिवराज उठला, दारात जाऊन त्यानं चपला घातल्या आणि बाई काही बोलतील म्हणून थोडा वेळ थांबला. त्या तो कागद पुन्हा वाचत होत्या.