डाव्या तटावरचा डोळा

मित्रांनो, मी एक जुना डोळा आहे. कुणाचा, ते विचारू नका. मी कुणाचाच नाही. मागे डोकं नाही, खाली धड नाही, शेजारी जोडीदार नाही. संगणकावरच्या एका युद्धाच्या खेळात, किल्ल्याच्या डाव्या तटावर मी कलिंगडाएवढा होऊन हवेत तरंगत असतो. त्या खेळात मी राक्षस आहे. मला पोट नाही, तरी काळजीने पोटात गोळा येतो. हे कसं होतं, ते मला बनवणाऱ्यांनाही सांगता येणार नाही.

मला एका चित्रकार बाईंनी घडवलं. सुरुवातीला मी चांगला तपकिरी, पाणीदार होतो. बाईंचे साहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हा तर लग्नाला आल्यासारखा बघतोय. जरा घाबरवू दे ना लोकांना!" मग बाईंनी लाल शिरा काढल्या, बुबुळ पिवळं केलं. पापणीचं काम पुढच्या आठवड्यावर ढकललं आणि तो आठवडा काही उजाडला नाही. त्यामुळे जन्मल्यापासून मी कधी मिटलेलो नाही. लोक मला क्रूर समजतात. मित्रांनो, मी फक्त जागा असतो.

माझं काम साधं आहे. हा खेळ आळीपाळीने चालतो. आधी खेळणाऱ्याने आपले सैनिक हलवायचे, मग आम्ही राक्षसांनी हलायचं. माझी पाळी आली की मी जवळच्या सैनिकाकडे सरकतो आणि रोखून बघतो. त्याचा दगड होतो. मला मात्र एक बाण पुरतो. उमेदीच्या काळात मला पाहून मुलं किंचाळत. पुढे नवे खेळ आले, आग ओकणारे राक्षस आले आणि मला कुणी विचारीनासं झालं. शेवटी एका बसचालकाच्या घरी, जुन्या संगणकात माझा मुक्काम पडला.

त्या घरात तो, त्याची बायको आणि त्याची सासू अशी तीन माणसं. दुपारी बस डेपोत लावून आला की तो खेळायला बसे. सासूबाई शेजारच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसत.

"जावईबापू, डोळा आला बरं का."

"बघितला, आई. आता बघा त्याची गंमत."

आणि सट्‌कन बाण! मी रोज मरायचो. सुखाचे दिवस होते ते.

मग हळूहळू मी जिंकायला लागलो. सुरुवातीला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? पण नंतर माझ्या लक्षात आलं की तो हरत नाही, त्याला मी दिसतच नाही. समोरची बारीक अक्षरं तो घडाघडा वाची. किल्ल्याच्या उजवीकडचा उंदीरसुद्धा टिपे. डावीकडे मात्र त्याची नजर निघायची आणि खचलेल्या रस्त्यासारखी मध्येच संपायची. "गेम बिघडलाय," तो म्हणे. "हा लेकाचा येतो कुठून?" मी कुठून येणार? मी तिथेच असायचो. ओरडायला मला तोंड नव्हतं, हलवायला हात नव्हते. त्याच्या सैनिकांचे दगड करत मी मनात म्हणायचो, बाबा रे, आता तरी बघ!

घरात वेगळंच चाललं होतं. सासूबाई चहा त्याच्या डाव्या हाताशी ठेवत. तो तसाच गार होऊन जाई.

"तुझ्या नवऱ्याला माझ्या हातचा चहा चालत नाही हल्ली," त्या मुलीला म्हणाल्या.

"अगं आई, विसरले असतील."

"रोज? मी इथे राहते ते खुपत असेल, तर तसं सांगावं. मी माझी बॅग भरते."

त्याच आठवड्यात बसचा डावा आरसा फुटला. "खांब मध्येच आला," तो बायकोला म्हणाला.

"खांब कसा मध्ये येईल? तो काय चालत आला?"

तो हसला. मी कसा हसणार? कारण सोमवारपासून त्याला डोंगररस्त्याची बस मिळाली होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. हा मार्ग जुन्याजाणत्या चालकांनाच मिळतो म्हणून तो खुशीत होता. दरी कुठल्या बाजूला आहे, हे मला विचारता येईना.

रविवारी दुपारी सासूबाई भरलेली बॅग पायाशी घेऊन बसल्या होत्या. जावयाशी बोलणं बंद होतं, पण पडद्याकडे बघायची सवय सुटत नव्हती. त्याने आपला तिरंदाज माझ्या अगदी पुढ्यात आणून उभा केला आणि पाळी संपवायला बोट उचललं. सासूबाईंना राहवेना.

"अहो, डोळा!"

"कुठे?"

"डावीकडे!"

"काही नाहीये हो आई तिथे." मग त्याने मान पूर्ण वळवली आणि दचकला. "अरे! हा कधी आला?"

"कधी आला म्हणजे? मघापासून तिथेच आहे!"

सासूबाईंनी त्याच्याकडे निरखून बघितलं. मग त्यांनी लोकरीचा लाल गुंडा उचलला. "समोर बघा. मान हलवायची नाही. गुंडा दिसला की सांगा." त्याच्या डाव्या कानापाशी त्यांनी गुंडा धरला आणि हळूहळू पुढे आणला. तो जवळजवळ नाकासमोर आला, तेव्हा जावई म्हणाला, "दिसला."

सासूबाई परत खुर्चीत बसल्या. "म्हणजे माझा चहा..."

"कुठला चहा?" त्याने विचारलं.

सासूबाईंनी पायाशी ठेवलेली बॅग खुर्चीमागे सरकवली. मग त्या म्हणाल्या, "उद्या बस नाही. उद्या डॉक्टर."

"आई, उद्या पहिलाच दिवस आहे. आणि डेपोतल्या तपासणीत मी सगळी अक्षरं वाचली होती."

"अक्षरं समोर टांगलेली असतात, जावईबापू. रस्त्यावरची माणसं बाजूने येतात."

तो डॉक्टरांकडे गेला. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, पण रोज थेंब घातले तर उरलेली राखता येईल. बस चालवणं सुटलं. आता तो डेपोच्या खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा सांगतो. बरेच दिवस त्याने संगणकाला हात लावला नाही. मी तटावर तरंगत होतो आणि या घरात आता कुणी हसेल की नाही, या काळजीत होतो.

एका दुपारी संगणक सुरू झाला. तो बसला, सासूबाई बसल्या. रस्ता ओलांडण्याआधी बघावं, तशी त्याने मान डावीकडे पार वळवली आणि थेट माझ्याकडे बघितलं.

"हा बघा, आई, तुमचा लाडका!"

"बघत काय बसलाय? मारा त्याला!"

बाण माझ्या बुबुळाच्या मधोमध बसला. मित्रांनो, मरताना इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

तुमच्या घरातलं एखादं मोठं माणूस सारखं एकाच बाजूला धडकत असेल, तर त्याला हसू नका, त्याच्यावर रागावूही नका. त्याचा हात धरून त्याला डॉक्टरांकडे न्या. समोरची अक्षरं वाचता येतात, एवढ्यावर समाधान मानू नका. आणि तपासून आलात की खुशाल मला मारायला या, मी तटावरच असतो. फक्त माझ्याकडे नीट बघून मारा. मला न बघता कुणी हरलं की मला फार भीती वाटते.