मंगळवारची सुट्टी

“मंगळवारी काय केलंस?” तिच्या वहीतले सकाळच्या नाडीचे आकडे बघत सायकलिंग शिकवणाऱ्या मास्तरांनी विचारलं.

“सायकलला हातसुद्धा लावला नाही. तुम्ही सांगितलं होतं तसंच.”

“ते कळलं. केलंस काय?”

ती आठवू लागली. “पडदे धुतले. माळा आवरला. सासूबाईंना दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळी पाहुणे होते.”

मास्तरांनी वही मिटली. “म्हणजे सायकलला सुट्टी दिलीस. तुला कोण देणार?”

मंगळवारी सुट्टी असलेली रक्तपेढीतली नोकरी, घरात पाच माणसं आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी लागलेलं हे ठरल्या वेळेत तीनशे किलोमीटर सायकल चालवण्याचं वेड. गेल्या खेपेला दोनशे दहावर पाय दगड झाले आणि ती रस्त्याकडेला बसून रडली. मग तिने सराव वाढवला. थकवा साचून सकाळची नाडीही वाढत गेली. वेग तेवढा घटत गेला.

“पाय सायकलवर झिजतात, बाई. भरून येतात ते झोपेत,” मास्तर म्हणाले.

पुढच्या मंगळवारी दुपारची जेवणं आटोपल्यावर ती खोलीत जाऊन आडवी झाली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“बरं नाही का गं?”

“बरी आहे, आई.”

“मग?”

“झोपतेय.”

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. मग तिथली भांडी जरा जास्तच वाजली. तिला उठून जावंसं वाटलं. ती कूस बदलून तशीच पडून राहिली. झोप काही लागली नाही.

तिसऱ्या मंगळवारी लागली. चौथ्या मंगळवारी भांडी वाजली नाहीत.

दोन महिन्यांनी तिने तीनशे किलोमीटर पुरे केले, ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी. शेवटच्या चढावरही ती सायकलवरून उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई खोलीत आल्या.

“आता आज काय करायचं असतं?”

“काही नाही. नुसतं पडायचं.”

त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. “बाळंतपणं आणि तापाचे दिवस सोडले, तर मी दिवसा कधी पाठ टेकली नाही बघ.”

“मग टेका की आता.”

“मला कुठे सायकल चालवायचीय?”

ती भिंतीकडे सरकली. सासूबाईंनी चष्मा काढून उशाशी ठेवला आणि आधी एक, मग दुसरा, असे दोन्ही पाय वर घेतले.