डिस्कमधली हाक

आई गेली आणि बाबांनी चहा सोडला. विसरण्याचा आजार आधीच होता, त्यात ही भर. ताई कप पुढे करायची, बाबा भिंतीकडे बघत बसायचे. फोनवर आईचे व्हिडिओ दाखवले, तर एवढ्याशा पडद्यावर त्यांना काही उमगेना. टीव्ही मात्र टक लावून बघायचे, आणि टीव्हीखाली जुना डिस्क प्लेअर अजून चालू होता.

"आईच्या व्हिडिओंची डिस्क करूया," धाकटा भाऊ म्हणाला. "जुन्या कॉम्प्युटरमध्ये त्याचं सॉफ्टवेअर आधीपासूनच आहे."

रविवारी दोघं बसली. आई सायकल शिकताना, आई नातीला न्हाऊ घालताना, आई गच्चीवर उशा झोडपताना. हललेले तुकडे धाकटा कापत होता. मधेच त्याने नाक ओढलं.

"सर्दी झालीय."

"हो का? मलाही तीच झालीय," ताई म्हणाली.

शेवटी सॉफ्टवेअरने विचारलं, सुरुवातीच्या पडद्यावर काय ठेवायचं? 'प्ले' दाबेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा दिसत राहणार होतं. ताईने हाताला लागला तो तुकडा दिला. आई स्वयंपाकघरातून डोकावते आणि म्हणते, "अहो, ऐकलंत का? चहा गार होतोय."

पहिली डिस्क अर्ध्यावरच अडकली आणि फुकट गेली. दुसरीवर सगळं नीट उतरलं. धाकट्याने ती फुंकर मारून प्लेअरमध्ये सरकवली.

पडद्यावर आई डोकावली. "अहो, ऐकलंत का? चहा गार होतोय."

"आलो, आलो," बाबा म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघतच राहिली. पडद्यावर आई पुन्हा डोकावली.

"अगं, आलो म्हटलं ना! जरा दम धर."

ताई धावत आत गेली आणि चहा घेऊन आली. बाबांनी कप घेतला, चहा बशीत ओतला, एक भुरका मारला.

"आता खरी फिल्म बघा, बाबा," म्हणत धाकट्याने 'प्ले' दाबलं. सायकल आली. बाबा पडद्याकडे वाकले.

"कुठे गेली? आत्ता इथे होती."

"हीच ना आई, बाबा. सायकलवर."

"नाही रे, स्वयंपाकघरात होती."

धाकट्याचा चेहरा पडला. एवढा जीव ओतून केलेली फिल्म! ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे रे. त्यांना पुढची गोष्ट नकोय, नुसती हाक हवीय."

धाकट्याने रिमोट उचलला आणि पुन्हा सुरुवातीचा पडदा लावला. आई डोकावली. बाबांचे खांदे सैलावले.

धाकटा त्यांच्या पायाशी खाली बसला. त्याला आता नाक ओढणं लपवता येईना. बाबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं, आणि उरलेल्या चहाची बशी त्याच्यापुढे सरकवली.

"घे, पिऊन टाक. नाहीतर ती बाहेर येईल आणि दोघांनाही बोलेल."